हात वर करायचे नाहीत

माझ्या कपाळावर डाव्या बाजूला एक खाच आहे. लोक विचारतात, हेलिकॉप्टरच्या नोकरीत लागलं का? नाही. समुद्रातल्या तेलविहिरींवर माणसं पोचवणाऱ्या हेलिकॉप्टरच्या दारात मी अर्धी जवानी काढली, तिथं माझं नखही मोडलं नाही. ही खाच माझ्या सख्ख्या काकाने पाडली, आमच्या गावच्या शाळेच्या स्लॅबवर, सगळ्या गावादेखत. तेव्हाचा राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहायला बसलो आहे.

त्या नोकरीनं मला एक खोड लावली. माणूस दिसला की मी त्याचं वजन करतो. तिथं प्रत्येकाला पिशवीसकट काट्यावर उभं करतात, कारण हेलिकॉप्टर उचलणार ते ठरावीकच. त्यातच तेल आणि त्यातच माणसं. लांब जायचं तर तेल जास्त, आणि तेल जास्त तर माणसं कमी. टाकी काठोकाठ भरली की अर्धी बाकं रिकामी न्यावी लागतात. सुट्टीत गावी आलो की लग्नाच्या मांडवात पोरं माझ्यापुढे रांग लावायची आणि मी किलो सांगायचो. मला सगळे ‘वजनकाटा’ म्हणत. फक्त काका चिडायचा, कारण त्याचा आकडा मी कधी कमी करून सांगितला नाही.

त्या पावसाळ्यात मी सुट्टीवर होतो. धाकट्या भावाच्या बायकोचे दिवस भरले होते. तिचं माहेर सिंदी गावचं. पहिलं बाळंतपण माहेरी झालं, हे दुसरं म्हणून सासरी. कळा सुरू झाल्या तसा भाऊ गाडी आणायला तळेगावला धावला, आणि तो गेला तोच मागे नाला चढला. मग वरच्या धरणाचं पाणी आलं. वर्धा नदी आमच्या गावात शिरली ती चोरासारखी नाही, दरोडेखोरासारखी. दारं तोडली, भिंती लोळवल्या, दावणीला बांधलेली जनावरं दाव्यासकट नेली. एक गोऱ्हा शाळेच्या खांबाला आपटला आणि आपटतच राहिला. आम्ही स्लॅबवर होतो. मधोमध बायकांनी लुगड्याचा आडोसा धरलेला, त्यामागे भावजय. बाळ आडवं आहे, असं गावच्या सुईणीनं आईला सांगितलं आणि हात पुसून बाजूला झाली. त्याचा अर्थ सगळ्यांना कळला. दवाखाना गाठला नाही तर दोघंही जाणार होती.

मी तिच्याजवळ जाऊ शकत नव्हतो. मी तिचा भासरा, नवऱ्याचा थोरला भाऊ. आमच्याकडे सून भासऱ्यासमोर डोकं उघडं ठेवत नाही, त्याच्याशी बोलत नाही, आणि भासरा सुनेच्या अंगाला बोट लावत नाही. पाच वर्षं एका घरात राहून मी तिचा चेहरा धड पाहिला नव्हता. माझी पावलं वाजली की तिचा हात आपोआप डोक्याकडे जायचा आणि पदर खाली यायचा.

भावानं तिकडे तहसीलदाराचे पाय धरले असावेत, कारण दुपारी हेलिकॉप्टर आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी ओरडून सांगत होतो, खाली पडा, डोकी झाका. ऐकतं कोण? पंख्याचा वारा खाली आला आणि शेजारच्या गोठ्याचे टिन, वर ठेवलेल्या दगडांसकट, उडाले. तारेच्या दोरानं एक जवान खाली उतरत होता. एक टिन आडवा येऊन त्याच्या दंडात बसला. तो स्लॅबवर पडला तेव्हा बाही लाल झाली होती आणि हात नुसता लोंबत होता. तरी तो उठला. मी कोण ते सांगितल्यावर त्यानं माझ्या कानाला तोंड लावून सांगितलं, टाकी भरलेली आहे, पुढे कुठवर जावं लागेल माहीत नाही, फक्त दोघांना घेता येईल.

मी ते गावाला सांगितलं आणि गाव भडकलं. सगळ्यांत आधी काका.

“येवढं मोठं ते धूड, अन् दोघंच काऊन? रिकामं दिसून राह्यलं मले!”

मी तेलाचं सांगायला गेलो, तर तो म्हणे मी सरकारचा माणूस झालो. त्यानं जवानाजवळच्या, माणूस दोरानं वर ओढायच्या पट्ट्यावर हात टाकला. मी त्याची कॉलर धरली, त्यानं माझी. मी त्याला मुस्काटात मारली. काकाला मारली, हो. मागे कुणाच्या तरी घराची भिंत धाडकन बसली म्हणून आम्ही सुटलो, नाहीतर दोघंही पाण्यात गेलो असतो.

ठरलं असं की आधी भावजय, मग आई. पट्टा काखेखालून, पोटाच्या वर बसवायचा असतो. तो फक्त एका गोष्टीवर टिकतो: हात खाली, अंगाशी घट्ट. हात वर केले की माणूस पट्ट्यातून सुळकन खाली निसटतो. जवानाला एकच हात, म्हणून पट्टा आईनं चढवायचा होता. मी पाठ करून उभा राहिलो आणि नदीकडे तोंड करून ओरडत एकेक गोष्ट सांगत गेलो. काखेखालून घे. कडी लाव. ओढून बघ. हातातलं कौशल्य हातातच, आणि सांगायचं पाठीनं. मला स्वतःचीच चीड आली होती.

दोर ताणल्याचा आवाज आला तसा मी वळलो. मला वळावंच लागलं. ती जवानासोबत एकाच हुकाला होती, पाय जमिनीवरून नुकते सुटलेले. वाऱ्यानं तिचा पदर डोक्यावरून उडाला. तेवढ्यात तिची नजर माझ्यावर पडली.

तिनं हात वर केला. पदर घ्यायला. भासरा समोर होता ना!

पट्टा सरकला. मी खच्चून ओरडलो, हात खाली! ती आणखी घाबरली आणि दुसराही हात वर गेला. कळेने वाकडं झालेलं तोंड, पोटात आडवं बाळ, खाली स्लॅब आणि पलीकडे नदी, आणि ही बाई आपलं डोकं झाकत होती. मी धावलो, तिच्या कमरेला मिठी मारून तिला खाली ओढलं. जवानानं वर हात हलवला, दोर सैल झाला.

मागून आईचा आवाज आला, “तिले हात नको लावजो! भासरा हायेस तू तिचा!”

मी पदर धरला आणि हिसडला. तिचे दोन्ही हात अंगाशी दाबले, तोच पदर कोपरांवरून, पोटाच्या वरून दोनदा फिरवला आणि गच्च गाठ मारली. ती किंचाळत होती. कळेनं की लाजेनं, मला माहीत नाही. तेव्हाच काकानं टिनाबरोबर स्लॅबवर येऊन पडलेला दगड उचलून माझ्या कपाळात हाणला. मी पडलो, पण गाठ बसली होती. एका डोळ्यात रक्त, दुसऱ्यानं मी पाहिलं: ती वर जात होती, उघड्या डोक्यानं, बांधलेल्या हातांनी, आणि निसटत नव्हती.

या धिंगाण्यात वेळ गेला. वेळ म्हणजे तेल. आईला न घेताच ते निघून गेलं. संध्याकाळच्या आत परत आलं तेव्हा तेल बेताचं होतं, म्हणून उरलेले बरेच जण एका खेपेत उचलले. काका माझ्याच शेजारी बसला होता. रिकामी बाकं भरलेली त्यानं पाहिली आणि तोंड खिडकीकडे फिरवलं.

मुलगी झाली, पोट फाडून, जिवंत. पण गावात गोष्ट वेगळीच पसरली. भासऱ्यानं भर गावात सुनेचा पदर फेडला, एवढीच. भावानं मला काही विचारलं नाही, आणि तेच जास्त लागलं. आई माझं ताट सरकवायची, वाढायची नाही. बारशाला मला बाहेरच्या ओसरीवर बसवलं. आत पाळणा म्हणणाऱ्या बायका, बाहेर मी आणि काका, दोघं दोन टोकांना.

पाळणा संपला आणि ती बाहेर आली. दोन्ही हातांत बाळ. उंबरा ओलांडताना पदर डोक्यावरून घसरून खांद्यावर आला. आई मागून लगबगीनं सावरायला धावली.

“राहू द्या, आई,” ती म्हणाली. मग सरळ माझ्याकडे पाहिलं. पाच वर्षांत पहिल्यांदा मी तिचा आवाज माझ्यासाठी ऐकला. “धरा हिले. अन् सांगा, किती किलोची हाय.”

मी बाळ घेतलं. काका बघत होता, सगळी ओसरी बघत होती. उभ्या गावाचं वजन सांगितलेला माणूस मी, पण मला आकडा सांगता आला नाही.