सोळा इंची चाकं आणि आईची पाठ

माझ्या गाडीला मोठी अलॉय चाकं बसवायची की नाही, यावरून आमच्या घरात पंधरा-वीस दिवस कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं. घर म्हणजे आम्ही तिघं, आई, बाबा आणि मी. नाहूर स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर.

गाडी छोटी, सेकंडहँड, पण आमच्या घराण्यातली पहिली. चाकं चौदा इंची, लोखंडी, वर प्लास्टिकच्या टोप्या. त्यातली एक आमच्याकडे येण्याआधीच कुठेतरी पडलेली. मला सोळा इंची अलॉय हवी होती, काळी आणि चंदेरी. कशाला, तर दिसायला. लहानपणी दप्तर घेतलं, चप्पल घेतली, पंजाबी ड्रेस घेतला, दरवेळी दुकानात एकच प्रश्न विचारला जायचा, "टिकेल ना?" एकदा तरी मला नुसतं छान दिसतं म्हणून काहीतरी घ्यायचं होतं.

बाबा बसच्या डेपोत टायरच्या कामावर होते. तीस वर्षं. वाशीमकडून आले, लागले आणि तिथूनच रिटायर झाले. मी त्यांना फोनवर फोटो दाखवला. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी तो डोळ्यांजवळ धरला.

"चांगली आहेत," म्हणाले. मग जरा वेळाने, "पण रबर किती उरेल?"

मला कळलं नाही. त्यांनी समोरचं ताट ओढलं, मधोमध वाटी ठेवली. "हे ताट म्हणजे टायरसकट आख्खं चाक. ते मोठं करता येत नाही, वर पत्र्याला घासेल. ही वाटी म्हणजे रिम. आता बघ." वाटी उचलून त्यांनी तिथे आमटीचं भांडं ठेवलं. "रिम वाढली की कडेचं रबर तेवढं कमी झालं. खड्डा रबर खातं. रबरच नसलं तर कोण खाणार? तुझ्या आईची पाठ."

आईच्या मणक्यातली गादी दोन वर्षांपूर्वी सरकली होती. आठवड्यातून दोनदा तिला घाटकोपरला फिजिओथेरपीला न्यायचं असे. रिक्षाचे धक्के सोसत नाहीत, म्हणून तर मी गाडी घ्यायची घाई केली होती. त्यामुळे बाबांचं वाक्य मला फार लागलं.

"म्हणजे मला आईची काळजी नाही?"

"मी तसं म्हटलं का?"

"म्हटलंतच ना!"

असं दोन-तीनदा झालं. चौथ्यांदा माझ्या तोंडून निघून गेलं, "तुम्ही जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्यांची चाकं बसवलीत बाबा. स्वतःची असली की काय वाटतं, ते तुम्हाला नाही कळणार."

ते उठले, आपलं ताट घासलं, पालथं घातलं आणि खाली फेरी मारायला गेले. मी तिथेच बसून राहिले. त्या क्षणी खाली धावत जाऊन माफी मागायला हवी होती. नाही मागितली.

आई तोवर मध्ये पडली नव्हती. ती बालवाडीची बाई. वर्गाला किती वेळ गोंधळ घालू द्यायचा हे तिला बरोबर कळतं. दुसऱ्या दिवशी तिने आम्हा दोघांना समोर बसवलं.

"पाठ कोणाची?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे.

"माझी ना? मग तिच्या नावाने तुम्ही दोघं भांडताय, मला एकदा तरी विचारलंत? मला बसवा त्या सोळाच्या गाडीत. मी सांगते."

ऑफिसातला माझा एक मित्र मुलुंडला राहतो. त्याच्याकडे हीच गाडी, सोळाची चाकं लावलेली. रविवारी सकाळी तो आला. आईला त्याच्या गाडीत मागे बसवलं, भांडुपपर्यंत जाऊन आलो. मग लगेच आमच्या गाडीतून तोच रस्ता, तेच खड्डे. दोन्ही वेळा ती डोळे मिटून बसली होती. बाबा पुढे बसून सारखे मागे वळून बघत होते.

"बघू नका हो माझ्याकडे. मी पेपर तपासतेय," आई म्हणाली.

खाली उतरून तिने निकाल दिला. "जुनीला दहापैकी आठ. सोळाला पाच. खरं सांगते, लागतं. पण दिसते झकास, त्यात काही वाद नाही." मग बाबांकडे वळून, "मधलं काही नसतं का हो?"

बाबांनी शर्टाच्या खिशातून चिठ्ठी काढली. पंधरा इंची रिम, तिला कुठल्या मापाचा टायर लागेल, आख्ख्या चाकाची उंची किती भरेल. सगळं पेनने लिहिलेलं. कागद चार घड्यांचा, घड्यांवर झिजलेला. किती दिवस खिशात होता कोण जाणे. मी विचारलं नव्हतं, म्हणून त्यांनी दाखवला नव्हता.

पंधराची चाकं घ्यायला आम्ही घाटकोपरच्या दुकानात गेलो. दुकानदार बाबांना म्हणाला, "अंकल, तुम्ही बसा आरामात, चाय घ्या." बाबा बसले नाहीत. त्यांनी रिम हातात घेतली, गाडीच्या खुंटावर, म्हणजे हबवर, बसतं त्या मधल्या भोकातून बोट फिरवलं. "हे हबवर घट्ट बसतंय का बघा. सैल असलं तर स्टिअरिंग थरथरेल." दुकानदाराने लावून पाहिलं, खरंच सैल होतं. त्याने आतून बसवायची कडी शोधून आणली, आणि त्यानंतर बाबांना उस्ताद म्हणायला लागला. शेवटच्या चाकाचे नट त्याने बाबांनाच आवळायला दिले.

बाबा गुडघ्यावर बसले. मी शेजारी उकिडवी बसले.

"बाबा, त्या दिवशी मी बोलले ते…"

"हा नट धर," ते म्हणाले. "आधी हाताने फिरव. आता याच्या शेजारचा नाही, समोरचा घ्यायचा. हां. तुझी गाडी आहे, तुला यायला पाहिजे."

चारही नट त्यांनी मलाच लावायला दिले. शेवटी पान्याला हात लावताना त्यांचा हात माझ्या हातावर होता, खरखरीत आणि उबदार. मला रडू येत होतं. त्यांनी तिकडे पाहिलं नाही.

पुढच्या रविवारी जोगेश्वरीला मावशीकडे जेवायला गेलो. परत येताना विक्रोळीच्या अलीकडे मागून काही आवाज येईना, म्हणून मी आरशात पाहिलं. आई झोपली होती, मान एका बाजूला, तोंड जरासं उघडं. पाठ दुखायला लागल्यापासून ती गाडीत कधी डोळा लावत नसे.

आमच्या बिल्डिंगखाली पोचलो. मी गाडी बंद करणार, तेवढ्यात बाबांनी हाताने थांबवलं. एसी चालू ठेवून आम्ही तसेच बसून राहिलो.

"काळी-चंदेरी मिळाली नाही ना पंधरात?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही. नुसती चंदेरीच होती."

"हीच बरी दिसते," ते म्हणाले. मग आम्ही दोघं आई उठायची वाट बघत बसलो.