आमच्या डोणीचा इतिहासकार

आमच्या वरच्या खोलीतल्या भाडेकरूला ज्यावर मत नव्हतं, असा विषय या जगात नव्हता. मी हे उगाच म्हणत नाही, चार वर्षं शोधून म्हणते. एकदा मुद्दाम विचारलं, "का रे, कोंबड्यांच्या खुराड्याचं दार उगवतीला असावं का मावळतीला?" त्याने जन्मात कोंबडी पाळली नव्हती. म्हटलं, आता तरी "माहीत नाही" म्हणेल. त्याने चष्मा वर सरकवला आणि "माझ्या मते" म्हणून सुरुवात केली. मी मधेच उठून दळण घेऊन गिरणीत गेले. परत आले तर तो पायरीवर वाट बघत बसलेला, आणि मी डबा खाली ठेवताच जिथे थांबला होता तिथून पुढे चालू. तोवर ते दार खुराड्याचं राहिलं नव्हतं, दोन देशांच्या सीमेवरचं झालं होतं.

तो अमरावतीकडचा. उरवड्याच्या एका कारखान्यात नोकरीला लागला आणि इथे भरे गावात आमच्या माडीवरची खोली घेऊन राहिला. कारखान्यात बाटल्यांची झाकणं व्हायची. ती घट्ट बसतात का हे तपासायचं त्याचं काम. दिवसभर झाकणं लावून बघायचा आणि संध्याकाळी घरी येऊन जगातली सगळी झाकणं उघडत बसायचा. त्याला तो ब्लॉग म्हणायचा. म्हटलं, ब्लॉग म्हणजे काय रे? म्हणाला, "आजी, आपली वही असते ना, तशीच. फक्त चौकात टांगलेली. कोणीही यावं, वाचावं."

"मग आलं का कुनी?"

"अजून नाही. पण येतील ना!"

त्याची "माझ्या मते" म्हणायची खोड इतकी हाडात गेली होती, की दूध फाटलं तरी म्हणायचा, "आजी, माझ्या मते दूध नासलं." मी म्हणायचे, "त्यात तुजं मत कशाला पायजे? वास घे." दुसरी खोड पुराव्याची. कुणी काहीही सांगितलं की हा विचारणार, "पुरावा काय?" शेजारच्या म्हाताऱ्याने आपण तरुणपणी वाघाला काठीने हाकलल्याचं सांगितलं. ती गोष्ट गाव चाळीस वर्षं निमूट ऐकत आलं आहे. याने विचारलं, "बाबा, कोणी पाहिलं होतं?" म्हातारा म्हणाला, "वाघानं." तेव्हापासून म्हातारा त्याला बघून रस्ता बदलायचा.

इतिहासावर तर त्याचा फार जीव. म्हणजे इतिहास सांगणाऱ्यांवर राग. म्हणायचा, "आजी, प्रत्येक गाव सांगते आमच्या इथं फौज जेवून गेली. सगळीकडे जेवतच गेली, तर लढली कधी?" हे मात्र मला पटलं होतं. चालू घडामोडींवर रोज एक लेख. पिरंगुटच्या चौकातली गाड्यांची रांग, फोडलेले डोंगर, आणि जे देश मला नकाशात सापडणार नाहीत तिथली भांडणं. आणि जगातले विषय संपलेच तर ब्लॉगवरच ब्लॉग. लोक आता वाचत नाहीत, नुसते फोनवर नाच बघतात, ब्लॉग मेला म्हणतात, म्हणूनच लांबलचक लिहिलं पाहिजे, असं त्याने एकदा लांबलचक लिहिलं. मला पूर्ण वाचून दाखवलं. मी मिरच्यांची देठं खुडत होते. खुडून झाल्या, तरी लेख शिल्लक होता.

"लई लांब हाय," मी म्हटलं.

"विचार खोल आहे, आजी."

"खोल हाय तर हीर खन. मी चौथी शिकलीया. माझ्या चौथीत मावंल एवढं लिव."

रागावून वर जायचा आणि अर्ध्या तासात अर्धा लेख कापून खाली यायचा. मी ऐकणार हे त्याला ठाऊक होतं. दुसरं कुणी ऐकत नाही हे मला ठाऊक होतं.

ते कसं ठाऊक झालं तेही सांगते. एकदा त्याने आमच्या पंचायतीच्या पाण्याच्या टाकीवर लिहिलं. टाकी बांधली, रंगवली, नारळ फोडला, पाणी तेवढं यायचं राहिलं, असं. लिहून झाल्यावर घाबरला. सरपंच माझ्या चुलत दिराचा मुलगा, अंगाने दांडगा. याने दोन दिवस पिशवी भरून दाराशी ठेवली. तिसऱ्या दिवशी सरपंच अंगणात आला. हा वरच्या कठड्याला धरून उभा. सरपंच म्हणाला, "काय लेखक! लिवता म्हनं तुमी. झ्याक लिवता. असंच लिवत ऱ्हावा." आणि चहा पिऊन गेला. त्याने एक ओळ वाचली नव्हती. कुणीच वाचली नव्हती. त्या दिवशी हा जेवला नाही. मारलं असतं तर जेवला असता.

आता डोणीकडे येते. आमच्या अंगणात नळाशेजारी एक दगडी डोण आहे. आमची म्हैस, चांदी तिचं नाव, तिच्यातच पाणी पिते. एका रविवारी उन्हाच्या वेळी मी शेण काढत होते आणि हा माझ्या मागे मागे. ही डोण किती जुनी? कुणी केली? दगड कुठला? डोक्यावर ऊन, हातात शेणाची पाटी, आणि याचं "पुरावा काय" चालूच. मी वैतागून म्हटलं, "घोडदळाची हाय. ताम्हिणीच्या वाटंनं कोकणात उतरताना घोडी हितं पानी प्यायची. माझी आजेसासू सांगायची."

"पुरावा?"

डोणीच्या कडेला खाचा आहेत. मी रोज तिथे विळ्याला धार काढते, त्याच्या त्या खाचा. मी म्हटलं, "ह्यो बग. घोड्यांच्या नालांचं घाव."

माझ्या मते तो हसायला हवा होता. पाणी पिताना घोडा पुढचे पाय डोणीवर कशाला ठेवील? पण तो गुडघ्यावर बसला, बुटाची नाडी काढून खाचा मोजल्या, सगळ्या बाजूंनी फोटो काढले आणि पळत वर गेला. मला काय, शेण निवांत काढता आलं.

तो लेख सगळ्यांनी वाचला. गावातल्या प्रत्येक फोनवर गेला. पिरंगुटला गेला, सूसच्या सोसायट्यांत गेला. याचा फोन दिवसभर टुणटुणत होता आणि हा प्रत्येक टुणटुणीला मला हाक मारत होता. पुढच्या रविवारी सूसहून गाड्या भरून माणसं आली, टोप्या घालून, पाण्याच्या बाटल्या घेऊन. एकीने डोणीला हळदकुंकू वाहिलं. एकाने चांदीला फोटोतून बाजूला घ्यायला सांगितलं. मला गंमत वाटली, खोटं कशाला बोलू. सगळ्यांना मी गंभीर तोंड करून घाव दाखवले. चौथ्या-पाचव्या वेळेला तर घोडी पांढरी होती हेही मला आठवलं.

मग तरुण मंडळाने डोणीभोवती दोरी बांधली. म्हैस लावायची नाही. चांदीला निळं प्लास्टिकचं पिंप कापून दिलं, तर ती त्यात बघून फुस्स करायची आणि तोंड फिरवायची. दूध निम्म्यावर आलं. त्यातच सरपंच निरोप घेऊन आला. "काकी, ठरलं. डोन देवळापुढं नेऊन बसवायची. मागं दगडी पाटी, कोरलेली. जत्रंत लेखकाचा सत्कार, शाल-श्रीफळ."

वरून धाडधाड पायऱ्या उतरत हा आला. "आजी, बाबा येऊन राहिले सत्काराला!" याचा बाप एसटीत कंडक्टर होता. मुलगा लिहितो याला तो "रिकामे धंदे" म्हणायचा. चार वर्षांत एकदाही आला नव्हता. शाल बघायला येणार होता.

दुसऱ्या दिवशी मी सुनेचा फोन घेऊन तो लेख स्वतः वाचला. बोट ठेवून वाचते मी, वेळ लागतो. शेवटी लिहिलं होतं, "या माहितीला कागदाचा पुरावा नाही. पण आजी खोटं बोलत नाहीत, हाच माझा पुरावा." ज्याने वाघाला साक्षीला बोलावलं असतं, त्याने माझ्या शब्दाला पुरावा विचारला नव्हता. मला स्वतःचा राग आला. आणि पाटी कोरली की खोडता येत नाही.

तो कामावरून आला तशी त्याला डोणीपाशी नेलं. दोरी सोडली. विळा घेतला आणि एका खाचेत ठेवून घासला. खर्र, खर्र. विळा खाचेत अगदी मापाचा बसत होता.

तो बघत राहिला. मग म्हणाला, "काऊन सांगितलं असं, आजी?"

"तू जावास म्हून. ऊन हुतं." मग सगळं सांगितलं. माझा थोरला झाला त्या वर्षी सासऱ्यांनी पाथरवटाकडून डोण घडवून घेतली आणि बैलगाडीत घालून आणली. म्हशीसाठी. तो खाचेवरून बोट फिरवत होता. मीच म्हटलं, "हे बग, दोगांनाच ठावं हाय. बाप येतोय तुजा. शाल घे, त्याला दिसू दे. पाटीचं मी पुतन्याला कायतरी सांगून लांबनीवर टाकते."

"आजी, माझ्या मते…" म्हणाला आणि थांबला. चार वर्षांत पहिल्यांदा ते वाक्य पुढे गेलं नाही. वर निघून गेला.

थोड्या वेळाने सुनेचा फोन वाजला. त्याच्या ब्लॉगवरच्या नव्या तीन ओळी होत्या. "भरे येथील डोणीबद्दल मी लिहिलेलं चूक आहे. ती डोण म्हशीसाठी घडवलेली आहे. पुरावा न तपासता मी लिहिलं, दोष माझा." माझं नाव कुठेच नव्हतं. आजीने फसवलं असं एका शब्दाने नव्हतं. आणि "माझ्या मते" नव्हतं. त्याने लिहिलेलं पहिल्यांदाच मला लांब वाटलं नाही.

सकाळी तरुण मंडळ अंगणात हजर, पुढे सरपंच. "काकी, भाडेकरू काढ. आदी गावाला चढवलं आन आता म्हशीच्या दावनीला बांदलं. लोकं हसत्यात." हा पिशवी घेऊन पायऱ्या उतरतच होता. या वेळी पिशवी भरायला त्याने दोन दिवस लावले नव्हते.

मी म्हटलं, "घोडी त्यानं न्हाई आनली. म्या आनली. पांडरी बी म्याच केली. काडायचं तर मला काडा. घर कुनाच्या नावावर हाय त्येवडं बगून काडा."

सरपंच म्हणाला, "काकी, मग आदी का न्हाई बोललीस?"

"तुमी लई खुशीत हुता. आन तुजी टाकी बी कोरडीच हाय, ती कुटं बोलती?"

मागच्या पोरांतला एक फिसकन हसला, मग दुसरा. सरपंचाने पोरांकडे रागाने बघितलं, पण दोरी त्यानेच गुंडाळून नेली. पिशवी परत वर गेली. जत्रेत शाल लाउडस्पीकर लावणाऱ्या कर्णेवाल्याला मिळाली.

बापाने रजा टाकली होती, तो आलाच. अंगणात खुर्चीवर ताठ बसला. "सत्कार कुठं आहे?" विचारलं. याने फोन पुढे केला. बापाने चष्मा लावून तीन ओळी वाचल्या. परत एकदा वाचल्या. फोन परत दिला. चांदी डोणीत तोंड घालून सुर्र सुर्र पाणी पीत होती. तिच्याकडे बघत म्हणाला, "पाणी पेते का यातच?"

"यातच पिती," मी म्हटलं.

"मग खरी आहे डोण." आणि दुसरा कप चहा मागितला. मुक्काम एका दिवसाचा ठरला होता, तो तीन दिवस राहिला. याने त्याला पंधरा लेख वाचून दाखवले. बाप पाचव्यापासून डुलक्या घेत होता, पण "रिकामे धंदे" म्हणाला नाही.

गेल्या वर्षी याची नोकरी नाशिककडे गेली. वर आता दुसरा मुलगा राहतो, गुणी आहे. आमटी कशी झाली विचारलं तर "ठीक" म्हणतो. खुराड्याचं दार विचारलं तर "तुम्हाला योग्य वाटेल तसं." घर शांत आहे. मिरच्यांची देठं पटकन खुडून होतात.

जाताना तो म्हणाला होता, "आजी, डोणीचं लिहून ठेवा, नाहीतर पुढं कोणीतरी पुन्हा घोडे आणेल." म्हणून इथपर्यंतचं हे लिहिलं आणि त्याला फोनवर वाचून दाखवलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आजी, लई लांब झालं." आमच्या बोलीत म्हणाला, चोर. मग विचारलं, "पुरावा?"

"विळा हाय की. ये आन लावून बग."

"येतो," म्हणाला. त्याला आता आठ महिने झाले. विळा दाराशी खोचलेला असतो. धार मी हल्ली नळापलीकडच्या दगडावर काढते, डोणीच्या खाचांना हात लावत नाही. सुनेने विचारलं तर सांगते, डोणीची कड झिजलीय, तिथे नीट धार येत नाही.