बुरोंडीच्या होड्या आज किनाऱ्यालाच

सुध्या गेला, आणि मला त्याचा हेवा वाटतोय.

आज. आत्ता. लपवत नाही.

काल संध्याकाळी संगमेश्वरला, घरीच, अटॅक आला. आर्ट स्कूलपासूनचा मित्र.

बुरोंडीच्या बंदरावरची ती लांब रंगवलेली भिंत बऱ्याच जणांनी पाहिली असेल. सेल्फीही काढले असतील. सरकारी योजनेतून तिच्यासाठी चित्रकार मागवले, तेव्हा आम्ही दोघांनी अर्ज केला होता.

बुरोंडी माझं गाव. माझ्या बापाची होडी तिथली. मी मुंबईहून अख्खं डिझाईन पाठवलं, थ्रीडी व्ह्यूसकट.

सुध्याने एवढंच लिहिलं, गावात राहीन, लोकांना विचारून काढीन.

काम सुध्याला!

ऑफिसातल्या मॅडम फोनवर म्हणाल्या, "सर, तुमचं चित्र सुंदरच आहे. पण भिंत गावाची आहे ना."

"मग मी कुठला, मॅडम?"

सुध्या म्हणजे भातशेतीवाल्या घरातला माणूस, सुक्या मासळीच्या वासाने नाक मुरडणारा. पावसाळाभर आमच्या काकीच्या पडवीत बसून लोकांना विचारत राहिला. दसरा झाल्यावर रंगाला हात लावला.

मासळीवाल्या बायका त्याच्यावर करवादल्या, "निस्ती पुरुषमानसं काय काडतोस रं? आमी काय मेलो?"

याने अर्धी भिंत पुसली आणि तिथे एकेकीला काढलं. आता त्या बायका आपापल्या चित्राखाली बसून मासळी विकतात. जागेवरून होणारी भांडणं संपली.

माझी चित्रं एसी गॅलरीत लागतात. लोक त्यांच्याकडे पाठ करून गप्पा मारतात.

आज सकाळी काकीला फोन केला.

"आज व्हड्या नाय गेल्या रं," ती म्हणाली.

माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या वाडीतलं माणूस गेलं की त्या दिवशी एकही होडी समुद्रात जात नाही. फक्त वाडीतलं. पाहुण्यासाठी नाही, साहेबासाठी तर नाहीच.

"काकी, पण तो आपल्यातला कुठे होता?"

"नव्हता कसा? कायतरीच तुजं."

विचारू नये ते विचारलं.

"आणि मी गेलो तर?"

"शिव शिव! काय बोलतोस! तुज्यासाठी ऱ्हातीलच की. तू जल्मलास हितं."

जन्मलो म्हणून.

माझी श्रद्धांजली भावपूर्णच आहे, सुध्या. तुझ्यासाठी थांबलेल्या त्या होड्या मला हव्या होत्या, हीसुद्धा भावनाच आहे.