गोल्फच्या मैदानात घातलेलं गाऱ्हाणं

आज शेजारच्या आंब्याच्या बागेत मशीनने गवत कापलं. तो ओला वास आला नि मी थेट त्या जुन्या गोल्फच्या मैदानात जाऊन उभा राहिलो.

माझी लेक शालू गोल्फ खेळूनच पोट भरायची. बायकांच्या त्या मोठ्या स्पर्धेला निवडक खेळाडूंनाच आमंत्रण असे. तिला ते पहिल्यांदाच आलं होतं. आता शेवटचा फटका. चेंडू खळग्यात पडला तर पहिली, नाही तर दुसरी.

सगळे गप्प. एवढ्या मोठ्या कामाआधी आमच्याकडे कोण गप्प राहतं? एकाने देवाला गाऱ्हाणं घालायचं, बाकीच्यांनी होकार भरायचा. मी हात जोडून मोठ्याने सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, माझ्या चेडवाक यश दी रे म्हाराजा!"

एक साहेब धावत आला. "काका, शांत राहा!"

"देवाक काय कानात सांगतत?" मी म्हटलं.

शालू थांबली. मला वाटलं, हिला आता बापाची लाज वाटणार. तिने माझ्याकडे बघितलं आणि खणखणीत म्हणाली, "व्हय म्हाराजा!"

मग वाकून तिने फटका मारला. चेंडू खळग्याच्या कडेला लागून बाहेरच राहिला.

परतताना मी तणतणत होतो, "सगळ्यांनी व्हय म्हटला असता तर पडलो असतो चेंडू!" ती नुसती हसत होती.

माझं म्हणणं आजही तेच आहे. पण तेव्हा त्या चेंडूसाठी जीव तुटायचा. आता तिचा आवाजच आठवतो. एवढ्या परक्या माणसांत माझ्या देवाला तिने एकटीने होकार भरला.