तुरीतली घट

निर्णा गावच्या शेतकरी गटाचं गोदाम बांधलं तेव्हापासून त्याची किल्ली भीमराजअप्पांकडं होती. हिवाळ्यात तूर निघाली की गटातली माणसं पोती घेऊन यायची. अप्पा एकेक पोतं काट्यावर चढवायचे, शिवून रंगानं त्यावर मालकाचं नाव घालायचे आणि थप्पी लावायचे. वैशाखात भाव चढला की लोक तीच पोती टेम्पोत भरून हुमनाबादच्या बाजारात न्यायचे. नेताना परत वजन व्हायचं आणि ते जसंच्या तसं भरायचं. बौद्ध वस्तीतल्या माणसाच्या हाती गावाची तूर द्यायची म्हणून सुरुवातीला काही जणांनी नाकं मुरडली होती. पुढं तीच माणसं पाहुण्यांना सांगायची, आमच्या अप्पांच्या गोदामात दाणा हलत नाही.

गुडघ्यांनी दगा दिल्यावर अप्पांनी काम सोडलं. गटाचे अध्यक्ष शिवशंकरप्पा यांनी किल्ली अप्पांच्या सुनेकडं दिली. पंचशीला बिदरला बी.कॉम. झालेली, हिशेबाला चोख. पहिल्याच उन्हाळ्यात गटातले अंकुशराव टेम्पो घेऊन आले. त्यांचं पहिलं पोतं काट्यावर चढलं आणि किलोभर कमी भरलं. दुसरंही तसंच. तिसऱ्याला पंचशीलानं स्वतः काटा पुसला, मापं ठेवून तपासला. काटा बरोबर होता. मग गटातल्याच बंडेप्पांचं पोतं चढवलं, तेही कमी.

अंकुशराव आवाज चढवणारा माणूस नव्हता. ते शांतपणे म्हणाले, "काटा तोच, गोदाम तेच. तुझ्या सासऱ्याच्या हातात कधी कमी आली न्हाई. मग आत्ताच कामून कमी यायलीय, पोरी?"

मागून कुणीतरी 'चोरी' हा शब्द उच्चारला. कोण बोललं ते पंचशीलाला कळलं नाही. तिनं सगळ्यांदेखत पोत्यांच्या शिवणी बघितल्या. एकही उसवलेली नव्हती. उंदरांनी कुरतडलेलं नव्हतं, कीड नव्हती, दाणा सांडलेला नव्हता. तूर मात्र कमी होती. अंकुशरावांनी टेम्पो रिकामाच परत पाठवला आणि उद्या बैठक घ्या म्हणून शिवशंकरप्पांना सांगून ते निघून गेले.

घरी अप्पा ओसरीवर बसले होते आणि सासू चांगुणाबाई शेजारी ज्वारी पाखडत होत्या. पंचशीलानं कसंबसं सगळं सांगितलं. अप्पा भडकतील, उठून गावात जातील असं तिला वाटलं होतं. ते जागचे हललेही नाहीत.

"आपल्या घरची पोती हायत की," ते म्हणाले. "लोक यायच्या आधी त्यातली तूर घालून वजन पुरं करायचं. तुला सांगायचं राहून गेलं माझ्याकडनं."

"तुम्ही असं करत होता, मामा?"

"दरसाल."

अप्पा सांगत गेले. नवी तूर ओलसर असते, उन्हाळ्यात वाळते आणि वाळली की वजन घटतं. पहिल्याच वर्षी हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. तेव्हा लोक यायच्या आधी त्यांनी गोदामाचं दार लावून घेतलं, शिवणी उसवल्या, आपल्या तुरीनं प्रत्येक पोतं भरलं आणि परत शिवलं. तेव्हापासून त्यांच्या तीन एकरांतल्या तुरीचा मोठा वाटा दरवर्षी लोकांच्या पोत्यांत जात होता.

"पण तूर वाळते हे सांगायचं होतं ना गटाला."

अप्पांनी मान हलवली. "दुसऱ्या कुणाच्या हातात घटली असती तर लोक म्हणले असते, वाळली. माझ्या हातात घटली असती तर म्हणले असते, खाल्ली."

सुपाचा आवाज थांबला होता. चांगुणाबाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. यंदा उतारा कमी आला, यंदा भाव पडला, हेच त्या दरवर्षी ऐकत आल्या होत्या. नवऱ्याकडं न बघता त्या म्हणाल्या, "लेकरांना पाण्यासारखं वरण वाढलं मी. माझ्याच रानात पिकत न्हाई म्हणून नशिबाला बोल लावत बसले." आणि त्या उठून आत गेल्या.

पंचशीलानं घरची पोती न्यायला नकार दिला. यंदा भरलं तर जन्मभर भरावं लागेल, असं तिनं अप्पांना सांगितलं. अप्पांनी एकच अट घातली, आपलं नाव यात काढायचं नाही.

दुसऱ्या दिवशी बैठकीत ती जास्त बोलली नाही. तिला एक गोष्ट आठवली होती. हिवाळ्यात अंकुशरावांनी सगळ्या पोत्यांबरोबर बियाण्याचंही एक पोतं काट्यावर घातलं होतं आणि ते शिवून घरी परत नेलं होतं. ते अजून बंदच असेल तर आणा, एवढंच ती म्हणाली. अंकुशरावांनी ते मोटरसायकलवर टाकून आणलं. त्यांच्या घरात, त्यांच्याच कुलपात राहिलेलं ते पोतं काट्यावर चढलं आणि तेही किलोभर कमी भरलं.

अंकुशरावांचा विश्वास बसेना. त्यांनी ते पोतं उतरवून स्वतःच्या हातांनी पुन्हा चढवलं. काटा तेवढाच राहिला.

"मग अप्पाच्या काळात पुरी कशी भरायची?" बंडेप्पांनी विचारलं.

पंचशीलाला अप्पांची अट आठवली. दाराशी चांगुणाबाई उभ्या होत्या. त्या कधी आल्या ते कुणी पाहिलं नव्हतं. "आमची तूर होती ती," त्या म्हणाल्या. अट त्यांना घातलेली नव्हती. त्यांनी सगळं सांगितलं, 'वाळली' आणि 'खाल्ली'चं अप्पांचं ते वाक्यसुद्धा.

वर्षानुवर्षं आपण विकलेल्या तुरीत या घरची तूर होती, हे एकेकाच्या चेहऱ्यावर उतरत गेलं. अंकुशराव खालीच बसले. शिवशंकरप्पांनी ठरावाचं बोलणं काढलं: यापुढं तूर घेतानाच ओल मोजायची, वाळून किती घटेल ते लोकांना तिथंच सांगायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

अप्पा बायकोशी आणि सुनेशी कितीतरी दिवस बोलले नाहीत. अंकुशराव त्यांना भेटायला गेले. बरंच काही बोलायचं ठरवून गेले असावेत, पण ओसरीवर बसल्यावर त्यांच्या तोंडून एवढंच निघालं, "एकदा तरी सांगायचं होतंस की, भीमराज."

"सांगितलं असतं तर पटलं असतं तुम्हाला?"

"न्हाई," अंकुशराव म्हणाले.

पुढच्या वैशाखात अप्पा काठी टेकत गोदामात आले. पोती काट्यावर चढत होती आणि कमी भरत होती. पंचशीला घट मोठ्यानं सांगायची आणि माणसं नुसती 'व्हय' म्हणत पोतं उचलायची. अप्पांनी काट्याकडं एकदाही पाहिलं नाही. प्रत्येक पोत्याला ते समोरच्या माणसाच्या तोंडाकडं बघत राहिले.