सिग्नल पडला

परळीच्या फलाटावर रोज सकाळी माझ्या शेजारी बसणारे काका पूर्वी वाफेच्या इंजिनावर फायरमन होते. समोरचा सिग्नल हिरवा झाला की ते मोठ्यानं ओरडत, "पडला!" आणि क्षणभर कान देऊन थांबत.

मी हिशेबी माणूस. एकदा म्हणालो, "काका, सिग्नलचा हात खाली पडायचे दिवस गेले. आता दिवा लागतो. आणि तुमच्या इंजिनात शंभर किलो कोळसा घातला, तरी दहा किलोचीही ताकद चाकाला मिळत नव्हती."

"खरं हाय साहेब, लई खादाड. त्यात बॉयलर येवढा लांब, की वळनावर डायवरला सिग्नल दिसायचाच न्हाई. मी वरडायचं, त्यानं तेच परत म्हनायचं." मग हसले. "आता घरी भांडं पडलं तरी काय पडलं म्हून इचारायला कुनी न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून ते गप्प बसू लागले. पाच दिवस सिग्नल नुसताच हिरवा झाला. माझी दुरुस्ती बिनचूक होती, तरी मला ती टोचत राहिली. सहाव्या दिवशी मीच ओरडलो, "पडला!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. रुळांवरची नजर न हलवता, ड्रायव्हरच्या कडक आवाजात म्हणाले, "पडला!"