फरक पडला का?

बाबा गेले तो सोमवार होता. परवा त्यांची जुनी गाडी पुसताना हाताला पेट्रोलचा वास लागला आणि बसवनगुडीच्या घरासमोरची एक सकाळ आठवली. गाडी उभ्या उभ्या थरथरायची, चढावर आचके द्यायची. आईने बजावलं होतं, "पुन्हा रस्त्यात बंद पडली की भंगारात, सरी? कळलं ना?" म्हणून बाबा त्या दिवशी चहाही न घेता बॉनेट उघडून उभे राहिले. त्यांची रीत ठरलेली होती. इंजिन चालू ठेवायचं, रबरी हातमोजा घालून एकेका प्लगची वायर काढायची आणि ऐकायचं. इंजिन अडखळलं तर तो सिलिंडर ठीक, काहीच फरक पडला नाही तर दोष तिथेच. त्यांनी पहिली वायर काढली. इंजिन चांगलंच अडखळलं, तरी बाबा माझ्याकडे बघत म्हणाले, "फरक पडला का गं?" मी मान डोलावली. मग ते थकल्यासारखे म्हणाले, "आईला सांगू नकोस. हल्ली स्वल्प कमी ऐकू येतं." पुढे वायर ते काढत गेले आणि ऐकत मी गेले. तिसऱ्या वायरीला मी म्हटलं, "नाही पडला." त्यांनी तिथला काजळी धरलेला प्लग बदलला. आईने खिडकीतून विचारलं, "झालं का तुमचं गॅरेज?" बाबांनी मान वर केली नाही, म्हणून मीच "झालं" म्हणाले. गाडी अजून दारात आहे. रविवारी, कितीही दमले असले तरी, मी ती सुरू करून बॉनेट उघडते आणि ऐकत उभी राहते. चारही सिलिंडर नीट चालतात.